देणगीची पोच

मराठीत ‘पोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाठवलेली वस्तू हाती आली हे कळवणे, ही एक पोच. कुठे, कोणाशी, कसे वागावे याची समज, ही दुसरी. मनीऑर्डरची पोच वेळेत आली नाही की घरातली वडील माणसे अस्वस्थ व्हायची. आणि लग्नात घसघशीत आहेर घेऊन पुढे वर्षभर ओळख न दाखवणाऱ्या नातेवाइकाला ‘पोच नाही मेल्याला’ असे आमची आजी म्हणायची. घेतल्याचे कळवणे हा व्यवहार आहे तसाच संस्कारही आहे, हे आपल्या भाषेने एकाच शब्दात सांगून ठेवले आहे.

हे सगळे डोक्यात घोळू लागले ते एका अगदी वेगळ्या निमित्ताने. निवडणुकीसाठी लोकांकडून देणग्या घेणाऱ्या पक्षांनी आणि उमेदवारांनी देणगीदारांचे आभार टपालाने मानावेत काय? आणि मानायचे तर त्या टपालाचा खर्च देणगीच्याच पैशातून करावा काय? प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळे असेल, मला तो किरकोळ वाटत नाही.

२०२४ साली मी अमेरिकेत लेकीकडे होतो. निवडणुकीचा हंगाम होता. मुलगी आता तिथली नागरिक आहे, म्हणून तिने आपल्या पसंतीच्या एका उमेदवाराला २५ डॉलर दिले. मला मात्र मनात असूनही एक डॉलर देता आला नसता. परदेशी माणसाकडून निवडणुकीसाठी पैसे घ्यायला तिथे कायद्याने मनाई आहे. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच ती मुभा. पंधरा दिवसांनी एक जाडजूड पाकीट आले. आत गुळगुळीत कागदावर दोन पानी आभारपत्र, त्याखाली निळ्या शाईचा भास व्हावा अशी छापील सही, उमेदवाराचे सहकुटुंब छायाचित्र, मोटारीला चिकटवायचा स्टिकर आणि तळाशी पुन्हा देणगी पाठवण्यासाठी पत्ता छापलेले कोरे पाकीट. मुलगी म्हणाली, “बाबा, मी पंचवीस डॉलर दिले, त्यातले चार-पाच यांनी मलाच परत पाठवले, रद्दीच्या रूपात. मी पैसे दिले ते त्याने जिंकावे म्हणून. माझे आभार कशाला मानत बसलाय तो?”

तिचा आक्षेप सरळ आहे आणि देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या मनात तो येत असणार. निवडणुकीचा पैसा लग्नाच्या पैशासारखाच मुहूर्ताला बांधलेला असतो. मतदानाच्या दिवसानंतर त्याचा उपयोग नाही. मग त्यातला एक भाग आधीच आपल्या बाजूला असलेल्या माणसावर का खर्चावा?

थोडा हिशेब मांडू. अमेरिकेत २०२५च्या जुलैपासून साध्या पत्राला ७८ सेंटचे तिकीट लागू लागले. कागद, पाकीट, छपाई धरून एका साध्या पत्राचा खर्च दीड डॉलर समजू. २५ डॉलरच्या देणगीवर हा खर्च ६ टक्के पडतो. पाच डॉलरच्या देणगीवर तोच ३० टक्के होतो. बर्नी सँडर्स यांनी २०१६च्या आपल्या मोहिमेत सरासरी देणगी २७ डॉलर असल्याचे जाहीर सभांतून अभिमानाने सांगितले होते. त्या हिशेबाने साडेपाच टक्के झाले. आता दुसरी बाजू पाहा. डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी इंटरनेटवरून देणग्या गोळा करणारी ‘अ‍ॅक्टब्ल्यू’ ही संस्था प्रत्येक देणगीवर ३.९५ टक्के व्यवहारखर्च कापते. म्हणजे २५ डॉलरमधला जवळजवळ एक डॉलर केवळ पैसे इकडून तिकडे नेण्यात जातो, आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं करत नाही. पैसे नेण्याला एक डॉलर चालतो, तर पैसे पोचल्याचे सांगण्याला ७८ सेंटचे तिकीट डोळ्यांत का सलावे?

मला वाटते, ते सलते यामागे त्या पत्राचा इतिहास आहे. १९६४च्या अध्यक्षीय निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर दणकून हरले. त्यानंतर रिचर्ड व्हिगरी नावाच्या तरुणाने वॉशिंग्टनला सरकारी दप्तरात बसून, गोल्डवॉटर यांना ५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांची नावे आणि पत्ते हाताने उतरवून घेतले. सुमारे साडेबारा हजार नावे झाली. त्या यादीवर त्याने टपालाने देणग्या मागण्याचा मोठा धंदा उभा केला. १९७२ साली दुसऱ्या बाजूच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही टपालाने छोट्या देणग्या मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या. जाहीर अहवालातली नावे उचलून त्यांच्याकडे देणगी मागण्यास पुढे कायद्याने बंदी आली, पण प्रत्येक उमेदवाराची स्वतःची यादी असतेच. आणि या धंद्यातले पहिले सूत्र असे की, ज्याने एकदा दिले तोच पुन्हा देण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यामुळे आभाराचे पत्र हे हळूहळू पुढच्या मागणीचे पत्र झाले. माझ्या मुलीला आलेल्या पाकिटात जड काय होते, तर ते दुसरे कोरे पाकीट!

ई-मेल आल्यावर तर आभार फुकट झाले आणि फुकट झाल्यामुळे त्यांची किंमतही गेली. सकाळी ‘आपला ऋणी आहे’, दुपारी ‘फक्त आणखी दहा डॉलर’, रात्री ‘आपण मला सोडून गेलात का?’ असा मारा सुरू होतो. २०२० साली ट्रम्प यांच्या मोहिमेच्या संकेतस्थळावर ‘ही देणगी पुन:पुन्हा कापावी’ अशी चौकट आधीच खूण करून ठेवलेली असे. ते लक्षात न आलेल्या लोकांच्या खात्यातून पैसे जात राहिले आणि तक्रारी आल्यावर कोट्यवधी डॉलर परत करावे लागले. बँकेतल्या भाषेत सांगायचे तर ग्राहकाच्या डोळ्यांदेखत सही न घेता कायमची सूचना नोंदवली गेली. ज्याला आपण देणगीदार म्हणतो त्याला असा दुभता समजले की त्याने आभाराच्या पत्राकडेही संशयाने पाहावे, यात नवल नाही.

तरीही मी म्हणतो, पत्र पाठवावे. त्याचे कारण मला तालुक्याच्या गावी, माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कळले. आमच्या शाखेचे व्यवस्थापक ठेवी गोळा करण्याच्या पंधरवड्यात नवे खाते उघडणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्ड लिहीत. ‘आपले अमुक रुपये अमुक तारखेस आपल्या खात्यात जमा झाले. आभारी आहे.’ एवढेच. मी एकदा म्हटले, “साहेब, शंभर रुपयांच्या खात्याला कशाला कार्ड? मोठ्या ठेवीदारांना लिहूया की.” ते म्हणाले, “अहो, मोठा ठेवीदार केबिनमध्ये येऊन चहा पितो. त्याचे आभार चहातच होतात. कार्ड लागते ते काउंटरवरून परत जाणाऱ्याला.” काही महिन्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई पासबुकात जपून ठेवलेले ते कार्ड घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे परत एकदा वाचून दाखवा.” मी वाचले. आकडा बरोबर आहे अशी मान हलवून त्या निघून गेल्या. त्यांना आभारापेक्षा आकडा महत्त्वाचा होता. पण तो आकडा कोणीतरी आपल्याला आपणहून कळवला, यातच आभार होते.

राजकारणात ही चहाची आणि कार्डाची गोष्ट फार गंभीर होते. मोठ्या देणगीदाराला पत्राची गरज नसते, कारण त्याचे आभार मानण्याचे इतर मार्ग असतात आणि ते सगळे महाग असतात. अमेरिकेत राजदूतांपैकी साधारण एक तृतीयांश लोक परराष्ट्र सेवेबाहेरून, राजकीय नेमणुकीने येतात आणि त्यांत मोठे देणगीदार बरेच असतात. १९८०च्या त्यांच्या परराष्ट्र सेवा कायद्यात, अशा नेमणुकीत निवडणुकीच्या देणगीचा विचार होऊ नये असे लिहावे लागले, यावरूनच काय ते समजावे. त्याआधी १९७४ साली अध्यक्ष निक्सन यांचे खासगी वकील हर्बर्ट काल्मबाख यांनी एक लाख डॉलरच्या देणगीच्या बदल्यात राजदूतपदाचे आश्वासन दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला होता. राजदूतपद, कंत्राट, परवाना, करातली सवलत हीही आभाराचीच पत्रे आहेत. त्यांचे तिकीट मात्र जनतेच्या खिशातून लागते. त्यांच्या तुलनेत ७८ सेंटचा लखोटा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी आभार म्हटला पाहिजे.

आपल्याकडे तर आणखी वेगळा प्रकार घडला. २०१८ साली निवडणूक रोखे आले. एक हजारापासून एक कोटीपर्यंतच्या किमतीचे, स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून मिळणारे, १५ दिवसांत वटवायचे, आणि ज्यावर ना देणाऱ्याचे नाव ना घेणाऱ्याचे. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने नाव नसलेले साधे व्हाउचरही कधी पुढे सरकू दिले नाही, तो कागद पाहून विचित्र वाटे. पुढे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच महिन्यात निवडणूक आयोगाने सारी माहिती उघड केली. त्या कागदपत्रांत एक नोंद आहे. संयुक्त जनता दलाने आयोगाला कळवले होते की, ३ एप्रिल २०१९ रोजी पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी एक बंद पाकीट देऊन गेले. उघडले तर आत एक-एक कोटीचे दहा रोखे! समाजवादी पक्षानेही असेच दहा कोटींचे रोखे टपालाने, नावाशिवाय आल्याचे सांगितले. अमेरिकेत आभाराची पाकिटे नको इतकी येतात. आपल्याकडे कोटींची पाकिटे आली आणि आभार मानायला पत्ताच नव्हता. पत्ता खरोखर नव्हता की आभार अन्य मार्गाने पोचले होते, हे वाचकांनी आपापल्या परीने ठरवावे.

आपली जुनी माणसे याबाबतीत काटेकोर होती. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा वर्गणी देणाऱ्यांना पावतीची फारशी फिकीर नव्हती, पण गांधीजी आग्रहाने पावती देत. हे त्यांनी आत्मकथेत मुद्दाम नोंदवले आहे. पुढे हरिजन निधीसाठी ते पाच रुपये घेऊन स्वाक्षरी देत. म्हणजे तिथे आभाराच्या कागदाने निधीत भरच घातली. आणि अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड आठवा. माणशी एक पैसा, असा तो फंड. त्या काळी पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे, म्हणजे बरोबर एका पैशाला! प्रत्येकाला पोच पाठवायची तर सगळा फंड टपालखात्यातच जमा झाला असता. देणाऱ्यांना पोच मिळाली ती वेगळ्या रूपाने. १९०८ साली तळेगावला त्या पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला आणि ज्याला शंका असेल त्याने जाऊन तो डोळ्यांनी पाहावा, अशी सोय झाली.

तेव्हा माझे उत्तर हिशेबाला धरून आहे. देणगी पाठवण्याच्या खर्चापेक्षा पोच देण्याचा खर्च फार वाढू नये. त्याच्या आत बसेल तिथे एक पान जरूर जावे. त्यावर छायाचित्र नको, स्टिकर नको, दुसरे रिकामे पाकीट तर मुळीच नको. तुमची रक्कम मिळाली, आजवर इतक्या लोकांनी इतके दिले, त्यातले इतके प्रवासाला, इतके छपाईला, इतके जाहिरातीला गेले, एवढेच लिहावे. निवडणूक संपल्यावर, जिंकलो असो वा हरलो असो, आणखी एक पान जावे. हरल्यावरचे पत्र तर नक्कीच जावे. हरलेल्या उमेदवाराला त्या पत्रातून काही मिळवायचे नसते, म्हणून वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो.

हे आपल्याकडे अशक्य नाही. भारतीय जनता पक्षाने २०२१च्या डिसेंबरमध्ये पाच रुपयांपासूनच्या छोट्या देणग्यांची मोहीम काढली, काँग्रेसने २०२३च्या डिसेंबरमध्ये १३८ रुपये आणि त्याच्या पटीत देणगी मागितली. पोस्टकार्ड कित्येक वर्षे ५० पैशांतच मिळत आले आहे. पाच रुपयांवर ते दहा टक्के पडेल, १३८ रुपयांवर अर्धा टक्काही नाही. २० हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आयोगाकडे कळवावे लागत नाही. म्हणजे छोट्या माणसाने दिलेल्या पैशाची सरकारदरबारी कुठेच नोंद दिसत नाही. त्याच्या हाती आलेला कागद हीच काय ती खूण. आपल्या गल्लीतले गणेशोत्सव मंडळदेखील ५१ रुपयांची पावती फाडते आणि उत्सव संपल्यावर जमाखर्च फळ्यावर लावते. मांडवाचा खर्च फुगलेला दिसला की आपण कार्यकर्त्याला हाक मारून विचारतोही, कारण पावती आपल्या घरात असते. देश चालवायला निघालेल्यांनी एवढी पोच ठेवावी, ही अपेक्षा काही जास्त नाही.