शिवनदीचं पाणी कुठवर येईल?

चिपळूण शहरातून जाणारी शिवनदी मे महिन्यात पाहिली, तर तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. पण २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे महापुराचे दोन दिवस शहर विसरलेलं नाही. तिचं पाणी कुठवर येऊ शकतं, याचा अंदाज बांधायला लागणारं गणित शाळेतलंच आहे.

सुरुवात भिंतीपासून करावी. पूर ओसरला की चिऱ्याच्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ राहते, खिडकीच्या गजांत पालापाचोळा अडकलेला असतो. ही पूरखूण. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यायची आणि खुणेची उंची टप्प्याटप्प्याने जवळच्या पुलाच्या कठड्याशी ताडून पाहायची. ‘कमरेएवढं पाणी होतं’ एवढ्यावर भागत नाही. माणूस रस्त्यावर उभा होता की ओट्यावर, यात दोन फुटांचा फरक पडतो. आणि गणपतीआधी घराला रंग लागला की खूण गेलीच, म्हणून हे काम पूर ओसरल्याबरोबर उरकावं.

मग पाणलोट. ज्या डोंगरउतारांचं पाणी प्रवाहात उतरतं, ते क्षेत्र नकाशावर आखायचं. समजा, एखाद्या पऱ्याचा पाणलोट ५ चौरस किलोमीटर आहे आणि तासाला ६० मिलिमीटर पाऊस कोसळतोय. जूनमध्ये जमीन बरंच पाणी पिते. जुलैअखेरीस ती तुडुंब असते, तेव्हा ७० टक्के पाणी वाहून येईल असं धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ घनमीटर.

आता हे पाणी जाणार कुठून? प्रवाहावरची सर्वांत अरुंद मोरी शोधायची. ती ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल आणि पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तर तिच्यातून जास्तीत जास्त ३७ घनमीटर जातील. तळाशी मीटरभर गाळ असेल तर २५. उरलेलं पाणी रस्ता शोधतं, आणि बाजारपेठ बहुधा तिथेच सखल असते. गाळ काढणं हे वर्षाकाठी उरकायचं सरकारी काम वाटतं, पण या हिशेबात तो थेट लोकांच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो.

पूररेषांचा अर्थ इथेच समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘परवाच येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते. त्या रेषेवरच्या घरात ३० वर्षं राहिलात, तर निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तीच ७० टक्क्यांच्या घरात जाते. घराचं कर्ज घेताना हा आकडा समोर असावा, असं मला मनापासून वाटतं.

एवढं करूनही चिपळूणचा हिशेब पुरा होत नाही. शिवनदी वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी स्वतःच चढलेली असली की शिवनदीचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फुगतं. शहरात पाऊस थांबला तरी पातळी वाढत राहते. वाशिष्ठीत सह्याद्रीच्या कड्यांवरचं पाणी येतं, कोयना प्रकल्पात वीज तयार करून कोळकेवाडीमार्गे सोडलेलं पाणीही येतं, आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती तिला अडवते. २०२१ च्या त्या दिवशी आषाढी पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळ आलेलं.

म्हणून इथल्या मोजणीत पर्जन्यमापकाशेजारी पंचांग ठेवावं लागतं. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. खाडीतून आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो, तो जागेवर मोजून घ्यायचा. डोंगरात जोर धरलेला पाऊस नेमका त्या वेळेला शहरात पोचणार असेल, तर मोरीची क्षमता ३७ धरून चालत नाही. पाणी पुढे सरकायला जागाच नसते.