अभ्यासक्रम बदलला, प्रश्नपत्रिका कधी बदलणार? ब्राउझरच्या चाचण्यांबद्दल

वेबची मानकं कोण लिहितं, हे आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मानकात एक गोष्ट लिहिली, ब्राउझर तसा वागतो की नाही हे तपासायला चाचणी लिहिली, आणि मग मानकच बदललं. त्या चाचणीचं काय करायचं?

सुरुवात आपल्याच लिपीपासून करू. 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. यात अक्षरं किती? तुम्हीआम्ही म्हणणार तीन: क्ष, त्रि, य. संगणक ज्या सुट्या चिन्हांनी हा शब्द साठवतो ती आठ आहेत. पण या दोन्हींच्या मधे आणखी एक हिशेब असतो. वाचणारा ज्याला 'एक अक्षर' म्हणेल त्याची सीमा प्रोग्रामने कुठे आखायची? यासाठी युनिकोडचे नियम आहेत, आणि २०२३ पर्यंत त्या नियमांनी उत्तर यायचं पाच: क्, ष, त्, रि, य. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, आणि देवनागरी, बंगाली, गुजराती अशा काही लिप्यांसाठी नियम बदलला. जोडाक्षर मधून तोडायचं नाही, असं ठरलं. आता उत्तर तीन.

आता समजा, २०२० साली कुणीतरी प्रामाणिकपणे एक चाचणी लिहिली होती: 'क्षत्रिय'चे तुकडे करा, पाच आले तर पास. तेव्हा ती बरोबरच होती. २०२३ नंतर मात्र ज्याने नवा नियम आणला तो ब्राउझर नापास होतो आणि ज्याने काहीच केलं नाही तो पास होतो. एवढ्यावर थांबलं तरी ठीक. पण एखाद्या छोट्या चमूतला नवखा प्रोग्रामर तो लाल शेरा बघतो आणि 'चूक' दुरुस्त करतो, म्हणजे बरोबर असलेलं बिघडवतो. चाचणी नसती तर निदान त्याने मानक उघडून वाचलं असतं. म्हणून आम्ही म्हणतो की शिळी चाचणी ही नसलेल्या चाचणीपेक्षा वाईट.

युनिकोडला यातून सुटायची एक सोय आहे. तिथे आवृत्त्यांना क्रमांक असतात, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची चाचणीची फाइल येते. एचटीएमएलचं तसं नाही. ते आता 'लिव्हिंग स्टँडर्ड' आहे, वाहतं मानक. त्याला आवृत्ती नाही. आज सकाळी एक वाक्य बदललं तर दुपारपासून तेच मानक.

हे किती महागात पडतं ते ॲसिड ३ या चाचणीने दाखवलं. इयन हिक्सन यांची ही चाचणी २००८ मध्ये आली. पान उघडायचं, रंगीत चौकोन एकेक करून दिसत जायचे आणि शेवटी शंभरपैकी गुण. लोकांना गुण फार आवडतात, त्यामुळे ब्राउझरवाल्यांत शर्यत लागली. पण त्या शंभरात काही गोष्टी अशा होत्या की ज्यांच्याबद्दल मानकातच एकमत टिकलं नाही. एसव्हीजी फॉन्ट हे त्यातलं ठळक उदाहरण. फायरफॉक्स ४ त्यामुळे ९७ वर थांबला, कारण मोझिलाला ती गोष्ट करायचीच नव्हती. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये चाचणीतले वादाचे भाग काढून टाकावे लागले. त्यानंतरही मानकं सरकत राहिली, चाचणी जागेवर राहिली, आणि पुढे क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिघांनाही शंभर मिळेनासे झाले. तिन्ही ब्राउझर आधीपेक्षा सुधारलेले, आणि गुण कमी!

यातून जी पद्धत घडली ती आज 'वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स' या सामायिक संचात दिसते. क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांचे लोक आपापल्या कोडबरोबर चाचणी लिहितात. ती सामायिक संचात जाते आणि तिथून इतरांकडे उतरते. एचटीएमएलचं मानक सांभाळणाऱ्या डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजीने आणखी एक अट घातली आहे. मानकाचा अर्थ बदलणारी दुरुस्ती आणायची तर किमान दोन ब्राउझरवाल्यांना त्यात रस हवा, चाचण्या लिहिलेल्या हव्यात, आणि जे ब्राउझर त्यात मागे पडणार त्यांच्याकडे तशी नोंद गेलेली हवी. आमच्या मते खरी गोम इथे आहे. चाचणी नंतर कुणीतरी बघेल असं न म्हणता, चाचणी तयार नसेल तर वाक्यच बदलत नाही. आणि जिथे मानकाचं अजून ठरलेलं नाही, तिथे चाचणीच्या फाइलच्या नावातच 'टेंटेटिव्ह' हा शब्द घालतात. म्हणजे वाचणाऱ्याने समजून घ्यावं की हे पक्कं नाही.

तरी फटी राहतातच. नव्या वाक्याला नवी चाचणी जोडणं सोपं आहे. त्या वाक्याने कोणत्या जुन्या चाचण्या खोट्या पडल्या, हे शोधणं अवघड. सीएसएसच्या चाचण्यांत मानकाच्या कलमाचा दुवा द्यायची प्रथा आहे, पण कलम दोन पानांचं असतं आणि बदललेलं असतं एक वाक्य. दुसरी फट जास्त गुपचूप असते. प्रत्येक ब्राउझरच्या कोडमध्ये 'आम्ही इथे नापास होणार हे माहीत आहे' अशी यादी असते. ती नसेल तर रोजचं काम अडेल, म्हणून ती लागतेच. पण एकदा नाव त्या यादीत गेलं की चाचणी शिळी आहे का आपलं चुकतंय, हे विचारायला सहसा कुणी परत येत नाही.

आणि आता या गुणांवर बरंच काही अवलंबून आहे. युरोपीय संघात आयफोनवर स्वतःचं इंजिन असलेला ब्राउझर आणायचा तर ॲपलची अट आहे: या संचातल्या ९० टक्के चाचण्या पास हव्यात आणि जावास्क्रिप्टच्या 'टेस्ट२६२' संचातल्या ८० टक्के. मोठ्या कंपनीला दोनचार शिळ्या चाचण्यांनी फरक पडत नाही. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नव्या इंजिनाला पडतो.

परत देवनागरीकडे येऊ. पानाची मांडणी तपासणाऱ्या पुष्कळ चाचण्या 'आहेम' नावाचा खास फॉन्ट वापरतात. त्यात बहुतेक अक्षरं म्हणजे नुसते भरीव चौकोन. कारण साधं आहे: कोणत्याही संगणकावर चौकोन सारखाच दिसतो, आणि दोन चित्रं ठिपक्याला ठिपका जुळवता येतात. पण चौकोनांना जोडाक्षर नसतं, वेलांटी नसते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर 'त्रि' मधून फाटतो का, परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं केलं तर 'क्ष' पूर्ण मोठा होतो का फक्त 'क्', हे त्या फॉन्टने कळत नाही. त्यासाठी खरा देवनागरी फॉन्ट घालून चाचणी लिहावी लागते. हा संच सगळ्यांना खुला आहे, बाहेरच्या माणसाची चाचणीही तिथे तपासून घेतात. लिहिताना ती युनिकोड १५.१ नंतरच्या नियमावर बेतली आहे, एवढं मात्र तिच्यात नोंदवून ठेवा.