पदवी कुणी दिली?

मुलुंड पूर्वेच्या महात्मा फुले रोडची पाटी वाचताना ‘महात्मा’ हा नावाचाच भाग वाटतो. पण जोतीरावांना ही पदवी दरबाराने किंवा सरकारने दिली नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईतल्या मांडवी कोळीवाड्यातल्या जाहीर सभेत ती रावबहादूर विठ्ठलराव वंडेकरांच्या हस्ते मिळाली. अनुयायांनी दिलेली पदवी पक्षपातीच, असा आक्षेप कुणी घेईल. तरी भाटांच्या बिरुदावलीपेक्षा मला हा कौल भरवशाचा वाटतो. दिग्विजयी राजांचं मोठेपण बहुधा जिंकलेल्या मुलखावर मोजलं गेलं. इथे लोकांसमोर चाळीस वर्षांचं काम होतं: १८४८ साली पुण्यात काढलेली मुलींची शाळा, आणि १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद.