समजून घ्या : ‘सबस्क्राइब’नंतरचे ‘थँक यू पेज’ इतके महत्त्वाचे का?

एखाद्या संकेतस्थळावर ई-मेल पत्ता टाकून ‘सबस्क्राइब’चे बटण दाबले, की एक पान उघडते. त्यावर बहुतेक वेळा बरोबरची हिरवी खूण आणि ‘थँक यू फॉर सबस्क्रायबिंग’ एवढे एकच वाक्य असते. वाचक ते दोन सेकंदांत बंद करतो आणि पुढे जातो. त्यानंतर न्यूजलेटर कधी येतच नाही, किंवा येते पण दिसत नाही. पाठवणाऱ्याला वाटते वाचकाला रस नाही, वाचकाला वाटते पाठवणारा विसरला. न्यूजलेटर काढणाऱ्याने या पानावर काय लिहावे आणि पत्ता देणाऱ्याने त्यावर काय पाहावे, याविषयी.

बटण दाबल्यावर नेमके काय होते?

तुम्ही टाकलेला पत्ता सर्व्हरकडे जातो. तो थेट यादीत टाकला, तर एक अडचण असते. पत्ता तुमचाच आहे हे कशावरून? कोणीही दुसऱ्याचा पत्ता टाकू शकतो आणि ‘जीमेल’ऐवजी ‘जीमिअल’ टाइप करणारेही कमी नसतात. म्हणून अनेक सेवा आधी एक मेल पाठवतात आणि त्यातील लिंकवर क्लिक केल्यावरच नाव यादीत घेतात. याला ‘डबल ऑप्ट-इन’ म्हणतात, म्हणजे दोनदा दिलेली संमती.

याचा अर्थ असा, की पहिले बटण दाबल्यावर तुम्ही सदस्य झालेलेच नसता. काम अर्धे झालेले असते. अशा वेळी ‘धन्यवाद, तुमची नोंदणी पूर्ण झाली’ असे सांगणारे पान चक्क खोटे बोलत असते. वाचक त्यावर विश्वास ठेवतो, मेल उघडत नाही आणि त्याचे नाव यादीत कधीच येत नाही. खरे तर या प्रवासात अशी दोन पाने असतात. पहिले बटण दाबल्यानंतरचे आणि दुसरे मेलमधील लिंकवर क्लिक केल्यानंतरचे. आभार दुसऱ्या पानावर मानायचे असतात. पहिल्या पानाचे काम वाचकाला मेलपेटीपर्यंत नेण्याचे आहे. मेलचिंपसारख्या सेवांमध्ये ही दोन्ही पाने आयती मिळतात, पण इंग्रजीत. मजकूर बदलता येतो; बदलण्याची तसदी थोडेच घेतात.

मेल पाठवला, मग तो दिसत का नाही?

जीमेलने २०१३ मध्ये इनबॉक्सचे कप्पे केले. ओळखीच्यांचे मेल ‘प्रायमरी’त आणि जाहिराती, ऑफर, न्यूजलेटर असा बराचसा ऐवज ‘प्रमोशन्स’मध्ये. पुष्टीचा मेल कुठे पडेल याची खात्री नसते. तो ‘स्पॅम’मध्येही जाऊ शकतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना ‘एसपीएफ’, ‘डीकेआयएम’ आणि ‘डीमार्क’ या तिन्ही तपासण्या लावाव्या लागतात. मेल खरोखर त्याच पत्त्याच्या मालकाकडून आला आहे का, हे त्यांवरून ठरते. जाहिरातवजा मेल आणि न्यूजलेटरमधून एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोयही बंधनकारक झाली. आपल्या विषयासाठी त्यातला महत्त्वाचा आकडा आहे ०.३ टक्के. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण त्याच्या खालीच राहायला हवे, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्त झाल्या. ते ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे, अशी गुगलची शिफारस आहे.

आता विचार करा, तक्रार कोण करतो? प्रत्येक वेळी वैतागलेला माणूसच असतो असे नाही. महिन्याभरापूर्वी आपणच पत्ता दिला होता हे विसरलेला वाचक अनोळखी नाव पाहून सरळ ‘स्पॅम’ दाबतो. मग इतरांना जाणारे मेलही अडकू लागतात. कोणाच्या नावाने, कोणत्या दिवशी, किती वेळा मेल येणार हे पहिल्याच पानावर सांगितले, तर ही विस्मृती बरीच टळते. मेल पोहोचवण्याचे तांत्रिक उपाय पुष्कळ आहेत आणि ते करावेच लागतात. पण हा उपाय चार ओळींचा आहे आणि फुकट आहे.

मग या पानावर लिहायचे काय?

यूपीआयने पैसे दिल्यावर येणारा पडदा आठवा. हिरवी खूण, रक्कम, कोणाला दिले त्याचे नाव, वेळ, व्यवहार क्रमांक. आपण तो भाजीवाल्यापुढे धरतो आणि तो मान डोलावतो. त्या पडद्यावर आभाराचा शब्द नसला तरी कोणाचे बिघडत नाही, कारण हवी ती माहिती सगळी असते. ब्रिटन सरकारच्या ‘गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळाची डिझाइन पद्धती सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. त्यात अशा पानांसाठी स्वतंत्र नमुना आहे : काम झाल्याची स्पष्ट नोंद, संदर्भ क्रमांक, पुढे काय होईल आणि कधी, अडचण आली तर संपर्क कुठे करायचा, आणि शेवटी अभिप्रायाची लिंक. सरकारी अर्ज भरून झाल्यावर माणसाच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरे आहेत. न्यूजलेटरच्या वाचकाचे प्रश्न त्याहून कमी, पण जात तीच.

समजा, कोल्हापुरातील एखादे छोटे प्रकाशन ‘शनिवारचे पान’ नावाचे न्यूजलेटर काढते. तयार सॉफ्टवेअरचे भाषांतर केले तर पानावर असे काहीसे येईल : ‘आपली सदस्यता यशस्वीरीत्या नोंदविण्यात आलेली आहे. सबस्क्राइब केल्याबद्दल धन्यवाद.’ व्याकरण बरोबर, माहिती शून्य. (‘यशस्वीरीत्या’ हा शब्द मराठी माणूस बोलताना कधी वापरत नाही, मोबाइलच्या पडद्यावर मात्र तो जिकडे तिकडे.) त्याऐवजी असे लिहिता येईल :

‘एक काम बाकी आहे. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आम्ही आत्ताच एक मेल पाठवला आहे. पाठवणाऱ्याचे नाव ‘शनिवारचे पान’, विषय ‘हा पत्ता तुमचाच ना?’. तो उघडून त्यातले बटण दाबा, म्हणजे येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता पहिला अंक येईल. दहा मिनिटांत मेल दिसला नाही तर प्रमोशन्स आणि स्पॅम पाहा. पत्ता चुकला असेल तर इथे बदला.’

‘तुम्ही दिलेल्या पत्त्यावर’ या शब्दांच्या जागी प्रत्यक्ष पत्ता दाखवायला हवा. टाइप करताना झालेली चूक वाचकाला तिथेच दिसते. नंतर ती कोणालाच दिसत नाही, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मेलची खबर वाचकाला मिळण्याचा मार्ग नसतो. मेलचे नाव आणि विषय शब्दशः द्यायचे, कारण इनबॉक्स चाळणारे डोळे नेमके तेच शोधतात. न्यूजलेटरचे नाव मराठीत आणि पाठवणाऱ्याचे नाव इंग्रजी आडनावासारखे काही, असे झाले की वाचक गडबडतो.

शब्दांबाबत आणखी एक. सबस्क्रायबरला मराठीत ‘वर्गणीदार’ म्हणण्याचा मोह होतो, शब्दही छान आहे. पण वर्गणी म्हटले की पैसे आले. ‘वर्गणीदार झाल्याबद्दल आभार’ असे वाचून फुकट न्यूजलेटर घेणारा माणूस दचकेल आणि खात्यातून काही कापले गेले का ते पाहायला जाईल. ‘वाचक’ म्हणावे, किंवा सरळ ‘सबस्क्रायबर’. तसेच ‘प्रमोशन्स’चे ‘जाहिरात विभाग’ करू नये. ज्याच्या फोनवर जीमेल इंग्रजीत आहे, त्याला त्या नावाचा कप्पा कुठे सापडणार? पडद्यावर जे नाव दिसते तेच लिहावे.

मेल स्पॅममध्ये सापडला तर वाचकाने काय करायचे, हेही एका ओळीत सांगावे. जीमेल ॲपमध्ये मेल उघडून ‘रिपोर्ट नॉट स्पॅम’ दाबायचे. प्रमोशन्समध्ये असेल तर वरच्या तीन ठिपक्यांतून ‘मूव्ह टू’ आणि मग ‘प्रायमरी’. पहिल्या मेलला उत्तर द्यायला सांगणे हा आणखी एक चांगला मार्ग. उत्तर देणारा वाचक ओळखीचा होतो, मेल सेवेच्या लेखी आणि लेखकाच्याही. पण मग ती उत्तरे वाचणारे कोणीतरी हवे.

फोनवर काय बिघडते?

हे पान संगणकावर तयार होते आणि फोनवर पाहिले जाते. फॉर्म पानाच्या तळाशी असेल आणि पान न बदलता ‘धन्यवाद’ वरच्या बाजूला उमटत असेल, तर तो संदेश पडद्याबाहेरच राहतो. कीबोर्ड अर्धा पडदा व्यापून बसलेला असतो. काही झाले नाही असे वाटून वाचक बटण पुन्हा दाबतो आणि ‘हा पत्ता आधीच नोंदलेला आहे’ अशी लाल ओळ मिळवतो. बऱ्याच वाचकांची सुरुवातच चुकल्याच्या भावनेने होते, ती अशी.

स्वतंत्र पान उघडणे म्हणूनच बरे. त्यातही एक जुनी तांत्रिक शिस्त आहे : फॉर्म स्वीकारल्यावर सर्व्हरने ब्राउझरला नव्या पत्त्यावर पाठवायचे. तसे केले नाही आणि वाचकाने पान रिफ्रेश केले, तर तोच फॉर्म पुन्हा पाठवला जाऊ शकतो. हे पान गुगलच्या शोधात येऊ नये म्हणून ‘नोइंडेक्स’ची सूचनाही घालावी.

‘जीमेल उघडा’ असे बटण ठेवणे उपयोगी पडते. संगणकावर ते थेट तुमच्या मेलच्या शोधापर्यंत नेता येते. फोनवर त्याचा भरवसा धरू नये, ॲप उघडले तरी पुरे.

याच पानावर आणखी काही मागावे का?

मार्केटिंगवाले सांगतात, वाचक नुकताच ‘हो’ म्हणाला आहे, आता मागून घ्या. इन्स्टाग्रामवर फॉलो करा, व्हॉट्सॲपवर शेअर करा, पाच प्रश्नांची उत्तरे द्या, पुस्तकावर सवलत घ्या. मित्रांना जोडणाऱ्यांना भेटी देऊन न्यूजलेटर वाढवता येते, हे अमेरिकेतील ‘मॉर्निंग ब्रू’ने करून दाखवले आहे, वाचक आणून दिल्याबद्दल ते स्टिकर, मग देत असत. पण ज्याने अजून एकही अंक वाचलेला नाही तो मित्राला काय सांगून शिफारस करणार? पहिल्या पानावर एकच काम ठेवावे, मेल उघडण्याचे. पुष्टीनंतरच्या दुसऱ्या पानावर एखादा जुना, सर्वांत चांगला अंक वाचायला द्यावा. मागायचेच असेल तर तिथे एक प्रश्न विचारावा : तुम्हाला आमच्याबद्दल कुठे कळले?

पत्ता देणाऱ्याने काय पाहावे?

ॲड्रेस बारकडे एकदा पाहा. ‘थँक यू’ पानाच्या लिंकमध्येच तुमचा ई-मेल पत्ता दिसत असेल, तर तो ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या नोंदींत राहतो. पानावर मोजणीचे कोड असतील तर तिकडेही जाऊ शकतो. गुगल ॲनालिटिक्सच्या अटींनुसार व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती अशी पाठवायला मनाई आहे. हे पान जाहिरात यंत्रणांच्या आवडीचे असते. जाहिरात पाहून आलेला माणूस अखेर सदस्य झाला की नाही, हे अनेकदा तिथेच मोजले जाते.

आधीच टिक केलेले चौकोनही तपासा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. कोणीतरी आधीच करून ठेवलेली टिक ही तुमची कृती म्हणता येत नाही. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय हवा. त्या अनुसूचीत मराठी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

‘नको, मला अडाणीच राहायचे आहे’ अशा धर्तीचे नकाराचे बटण दिसले, तर त्याला ‘कन्फर्म शेमिंग’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’च्या यादीत ते आहे. बाहेर पडणे मुद्दाम अवघड करणारा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ही त्याच यादीत आहे.

पान तपासायचे कसे?

संगणक बंद करून साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफायशिवाय. आपलाच फॉर्म आधी चुकीचा पत्ता टाकून भरावा, मग बरोबर टाकून, मग तोच पत्ता पुन्हा टाकून. प्रत्येक वेळी नवे खाते उघडण्याची गरज नाही. जीमेल पत्त्यात ‘ॲट’च्या आधी अधिकचे चिन्ह आणि कोणताही शब्द जोडला, तरी मेल त्याच इनबॉक्समध्ये येतो. काही फॉर्म अधिकचे चिन्ह असलेला पत्ता चुकीचा ठरवून नाकारतात. तुमचा फॉर्म तसे करत असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या.