घरगुती कॅमेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा-दिवाळीच्या सुमारास कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. आकडा मोठा निघाला की सौदा पटतो, आणि ज्या बाबींवर चित्राचा दर्जा वस्तुतः अवलंबून असतो त्यांची विचारपूस करावयाची राहूनच जाते. घरखर्चातून काटकसरीने शिल्लक टाकून बारसे, मुंज, गौरी-गणपती यांची स्मृती जतन करू पाहणाऱ्या कुटुंबाचा पैसा असा अनाठायी जावा, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते.

त्या आकड्याचाच हिशेब प्रथम पाहू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. आल्बममध्ये लावावयाचे सहा बाय चार इंचांचे छायाचित्र दर इंचास ३०० बिंदू या उत्तम प्रतीने छापावयाचे, तर २१ लाख ६० हजार बिंदू पुरतात. ४के चित्रीकरणाच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात. आणि बाजारातल्या साध्या कॅमेऱ्यांची मजलदेखील याच्या कितीतरी पुढे, दोन कोटींच्या घरात, केव्हाच गेलेली आहे. तेव्हा बिंदू किती यापेक्षा ते केवढ्या जागेत बसविले आहेत, हे विचारणे अगत्याचे ठरते. साठ पट झूमची ग्वाही देणाऱ्या कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, बहुधा जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो, तर लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतील एपीएस-सी जातीचा सेन्सर ३३० ते ३७० चौरस मिलिमीटर, म्हणजे बारा-तेरा पट, भरतो. भर दुपारी अंगणात हा भेद जाणवणारही नाही. परंतु तिन्हीसांजेला देवघरात, समईच्या उजेडात, नात आजीच्या मांडीवर बसली असता लहान सेन्सर अपुऱ्या प्रकाशाची भरपाई विद्युत-संकेत वाढवून करतो, आणि त्यासरशी उमटलेले रवाळ ठिपके पुसण्याच्या खटाटोपात नऊवारीचे काठ, आजीच्या सुरकुत्या आणि मुलीचे जावळ हे सारे एकाच मेणचट लेपाखाली जाते.

सेन्सर मोठा घेतला की काम झाले, हाही समज अपुरा आहे. लेन्सचे तोंड किती उघडते हे एफच्या आकड्याने सांगतात; आकडा लहान तितके तोंड मोठे. सोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ इतकीच उघडते, तर एफ १.८ची स्वस्त, झूमविरहित लेन्स तिच्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत ५० मिलिमीटरची लेन्स माणसांना फारच जवळ ओढते, म्हणून घरातील प्रसंगांसाठी ३५ मिलिमीटरची पत्करावी.

४के ही अक्षरे पाहून मोहित होणाऱ्यांनी तपशीलही वाचावा. २०१८ साली आलेल्या कॅनन ईओएस एम५० या कॅमेऱ्यात ४के आहे खरे, परंतु ४के चित्रीकरण करताना दृश्याच्या कडा बऱ्याच कापल्या जातात आणि वेगवान स्वयंचलित फोकसची सोयही बंद पडते. फुल एचडीत या दोन्ही अडचणी नाहीत. शिवाय सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले ४के चित्रीकरण तासाला ४५ गिगाबाइट जागा व्यापते, आणि कार्ड व हार्ड डिस्क यांचा तो खर्च मूळ किमतीत कोणी धरलेला नसतो.

तथापि सर्वांत मोठी उपेक्षा होते ती आवाजाची. दृश्य किंचित अंधूक असले तरी घरची माणसे ते आनंदाने पाहतात. आजोबांचे बोलणे पंख्याच्या घरघरीत बुडाले तर ते परत मिळवावयाचे कोठून? कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करीत असतो, त्यामुळे बोलणारा क्षणभर थांबला की पंखा गर्जू लागतो आणि आरतीत झांज वाजली की बाकीचे स्वर दबून जातात. वेगळा मायक्रोफोन जोडावा म्हटले, तर निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी यांसारख्या परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत तो जोडण्याची सोयच नाही. अशा वेळी फोन बोलणाऱ्याजवळ ठेवून त्यावर ध्वनिमुद्रण करावे, आरंभी एकदा टाळी वाजवावी, आणि मागाहून त्या टाळीच्या खुणेवर आवाज व चित्र जुळवून घ्यावे.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले की कॅमेरा सदोष आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आपली वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेरा ‘पाल’ (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर, सेकंदाला २५ चौकटींवर, आणि शटर १/५० सेकंदावर ठेवले म्हणजे पट्टे बहुधा नाहीसे होतात.

जुना कॅमेरा घेणे कमीपणाचे मुळीच नाही; तोच पैसा चांगल्या लेन्सकडे वळविता येतो. फक्त लेन्समधून विजेरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आहे काय ते पाहावे, कारण कोकणातील पावसाळा काढलेल्या लेन्सला ती हमखास गाठते. आणि ज्यांच्याकडे बरा फोन आहे व चित्रीकरण मुख्यतः दिवसाउजेडी करावयाचे आहे, त्यांनी कॅमेऱ्याचा खर्च तूर्त टाळून एक मायक्रोफोन आणि एक तिपाई घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीला जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे, दुकानातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्ये बोलावयास लावून चित्रीकरण करावे, ते घरच्या पडद्यावर पाहावे व ऐकावे, आणि मगच पैसे मोजावेत.