तेरची हस्तिदंती मूर्ती व संग्रहालयांची प्रदर्शने

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे कोठार, एकदा पाहिले की झाले, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. मुंबईस गेलेली मंडळी एखादी दुपार काढून तेथील मोठ्या घुमटाखालून फिरून येतात. पण स्वतःच्या जिल्ह्यातील संग्रहालयाची पायरी त्यांनी कित्येकदा चढलेली नसते. धाराशिव जिल्ह्यातील तेरचेच पाहा. तेरणेच्या काठचे हे गाव गोरोबाकाकांच्या समाधीमुळे घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, हे कितीजणांस ठाऊक असेल?

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रंथात या नगराचा उल्लेख येतो. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर ते वसलेले असून, तेथील साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून बिकट मुलखातून भडोच बंदरास जात असे, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख फ्लीट या विद्वानाने १९०१ साली पटवून दिली. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, नाणी, मातीची खेळणी वर येत. इतरांच्या लेखी ती कवडीमोलाची होती. गावचे व्यापारी लामतुरे यांनी मात्र ती जन्मभर जमवली आणि तोच संग्रह पुढे शासकीय संग्रहालयाचा पाया झाला.

या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. आरशाची मूठ म्हणून तिचा उपयोग होत असावा. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेले. तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती, हे निर्विवाद. आरंभी विद्वान तिला मथुरेची म्हणत. पुढे तेर व भोकरदन येथील मूर्तींशी तिचे नाते काहींनी दाखवले. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

या दोन्ही मूर्ती एका पेटीत शेजारी ठेवल्या, तर अडाण्यासही व्यापाराचा इतिहास क्षणात उमगेल. प्रदर्शनाचे खरे कार्य हेच. कायमच्या मांडणीत वस्तू आपापल्या जागी स्वस्थ असतात. प्रदर्शनात त्यांची परस्परांशी गाठ घालून दिली जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ पासून ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरले होते. ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने भरलेल्या त्या प्रदर्शनात एकेका काळातील भारतीय व परदेशी वस्तू एकत्र मांडल्या होत्या. पुढे ते दिल्लीसही गेले.

अशा प्रदर्शनामागील खटाटोप प्रेक्षकांस दिसत नाही. वस्तू उसनी देण्यापूर्वी करार होतो, विमा उतरवतात; जुनी चीर कोठे, टवका कोठे, याची छायाचित्रांसह नोंद करतात. वस्तूच्या मापाची पेटी बनते व तिच्यासोबत जबाबदार माणूस जातो. पेटी मुक्कामास पोचली म्हणून लगेच उघडत नाहीत; नव्या हवेची सवय व्हावी म्हणून सुमारे एक दिवस ती तशीच ठेवतात. हस्तिदंत हवेतील ओल शोषून फुगतो व कोरड्या हवेत आकसून तडकतो. जुने कापड व चित्रे यांचा तर प्रकाशच वैरी. म्हणून त्यांच्या दालनात दिवे मंद असतात आणि काही महिन्यांनी ती पुन्हा अंधारात ठेवावी लागतात. काही दिसत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या पाहुण्यास हे कारण कोणी सांगत नाही, ही मात्र संग्रहालयांची चूक होय.

केवळ मांडून भागत नाही, समजावून सांगणारा हवा. व्याख्याने, मुलांच्या कार्यशाळा, दालनांतून हिंडत दिलेली माहिती, असे उपक्रम मोठ्या संग्रहालयांत चालतात. मुंबईच्या संग्रहालयाने तर २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस सुरू करून दूरच्या शाळांपर्यंत वस्तू व माहिती पोचवली आहे. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु तेरसारख्या ठिकाणी बस येण्याची वाट का पाहावी? जी माती तेथे आहे, ती मुंबईस कोठून मिळणार?

सातवाहनकाळी तेरच्या कारागिरांनी पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दुहेरी साच्यात घडवल्या. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही ओलेपणीच सांधून भट्टीत भाजणे, अशी ती रीत. ही कृती पेटीवरच्या चिठ्ठीवरून कळत नाही. हाताने करून दाखवली म्हणजे कळते. चैत्र वद्यात गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीस तेरला यात्रा भरते. त्या चार दिवसांत संग्रहालयाच्या अंगणात एखाद्या कुंभाराने दोन साचे व मातीचा गोळा घेऊन बसावे आणि दर्शन आटोपून आलेल्या मुलांनी आपल्या हातांनी एकेक बाहुली काढून पाहावी. यास ना विमा लागतो, ना काचेची पेटी.