संमतीचा विसरलेला प्रश्न

2004 च्या अखेरची दिल्ली मला आठवते ती एका प्रश्नामुळे. ‘ती क्लिप तुमच्याकडे आली का?’ कचेरीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवातही हेच कानी पडे. दोन अल्पवयीन शाळकरी मुलांचे खासगी चित्रण एका मोबाईलवरून दुसऱ्यावर जात राहिले आणि सारे शहर त्या अपराधात वाटेकरी झाले.

मी त्या प्रकरणाच्या बातम्या लिहिल्या. आयआयटी खरगपूरच्या एका विद्यार्थ्याने ती चित्रफीत बाझी डॉट कॉमवर ‘ई-पुस्तके’ या सदराखाली 125 रुपयांना विक्रीस ठेवली होती. डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली आणि मथळे आणखी मोठे झाले. त्या मुलीचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र माझ्या एकाही बातमीत नव्हता.

इंटरनेटवरील देवघेवीची सवय आपल्याला गाण्यांनी लावली. 1999 मध्ये नॅपस्टर आले. नक्कल केल्याने मूळ वस्तू कमी होत नाही, मग चोरी कसली, असा युक्तिवाद तेव्हा रूढ झाला. गाण्याच्या बाबतीत वाद पैशाचा होता. परंतु अभिनेत्री पामेला अँडरसन यांच्या घरातून चोरीस गेलेली खासगी चित्रफीत इंटरनेटवरून विकली गेली, तेव्हाही तोच युक्तिवाद कामी आला. प्रसिद्ध व्यक्तीला कसले खासगी आयुष्य, अशी पुरवणी त्याला जोडण्यात आली. दिल्लीतील मुले प्रसिद्धही नव्हती. तरी आपले कुतूहल थांबले नाही.

कायदाही तेव्हा चुकीच्या जागी पाहत होता. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 मजकूर अश्लील आहे का, एवढेच विचारी. संमती होती का, हे विचारीत नसे. 2008 च्या दुरुस्तीने 66-ई हे कलम आणले आणि संमतीविना खासगी चित्रण टिपणे वा पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. मुलांच्या अशा चित्रणासाठी 67-बी आले. बजाज यांच्यावरील खटला 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तोही कंपनीलाच आरोपी केले नव्हते या कारणास्तव. पुढे 2021 च्या नियमांनी तक्रारीनंतर 24 तासांत असा मजकूर हटवण्याचे बंधन घातले.

पण 24 तासांत एखादी फीत किती हातांतून जाते, हे आपण सारे जाणतो. आता तर चेहरा एकाचा आणि देह दुसऱ्याचा जोडून बनावट चित्रण करणेही सोपे झाले आहे. कायदा तक्रारीनंतर धावतो. त्याआधीचा निर्णय मोबाईल हाती असलेल्या माणसाचा असतो.

माझ्या जुन्या कात्रणांत किंमत आहे, तारीख आहे, आरोपीचे नाव आहे. जिच्या संमतीचा हा प्रश्न होता, तिचा उल्लेख मात्र केवळ ‘क्लिप’ या शब्दापुरता उरला आहे.